दोघंच जाऊन येऊ

श्रोतेहो, मी २९ वर्षं आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. आमच्या उपकेंद्रात एक जाडजूड नोंदवही असायची, जननक्षम जोडप्यांची. दरवर्षी गावातल्या प्रत्येक घरी जायचं आणि बाईचं वय १५ ते ४९ असेल त्या प्रत्येक जोडप्याची माहिती तिच्यात भरायची. लग्न कितव्या वर्षी झालं, मुलं किती, धाकटं केवढं, ऑपरेशन झालं का, नसेल तर पाळणा लांबवायला काय वापरता. नवरा-बायकोबद्दल सरकारला जे जे विचारावंसं वाटलं, ते सगळं मी लोकांच्या ओट्यावर बसून विचारलं. तुम्ही शेवटचे कधी, कुठं, फक्त दोघंच म्हणून गेला होता, हा रकाना मात्र त्या वहीत नव्हता.

निवृत्त झाल्यावर बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला हा प्रश्न मी माझ्याच हौसेनं विचारू लागले. आधी हशा होतो. ‘आता ह्या वयात?’ असं तिशीतल्या बायकासुद्धा म्हणतात. मग आठवून आठवून उत्तरं येतात. दवाखान्यात गेलो होतो. सोसायटीच्या कर्जाला दोघांची सही लागत होती तेव्हा तालुक्याला गेलो होतो. भाच्याच्या लग्नाला, मावसभावाच्या दहाव्याला. शिर्डीला गेलो होतो, पण जीप भरून. म्हणजे आपल्याकडची जोडपी घरात बसून असतात असं मुळीच नाही. ती सारखी हिंडत असतात. फक्त प्रत्येक जाण्याला एखादं काम चिकटलेलं असतं आणि बहुतेक वेळा बरोबर तिसरं माणूस असतं.

एका बाईंचं उत्तर माझ्या मनातून जात नाही. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. म्हणाल्या, ‘‘सिस्टर, आम्ही दोघंच पुण्याला बारा वेळा गेलो. बाराही वेळा किमोला.’’ त्यातल्या एका खेपेला डॉक्टर उशिरा येणार होते, म्हणून रस्त्यापलीकडच्या गुऱ्हाळावर बसून दोघांनी उसाचा रस घेतला. लग्नात कोण रुसलं होतं इथपासून गप्पा झाल्या. ‘‘तेवढीच आमची सहल,’’ म्हणाल्या. तेव्हापासून हा विषय मी चेष्टेवारी नेत नाही.

आपला जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. २०२४ मध्ये त्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात अजून ‘नगर’च येतं, तेवढं सांभाळून घ्या. इथं नवरा-बायकोनं बरोबर घराबाहेर पडणं ही नवी गोष्ट नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारी माणसं बघा. तिथं मोजणीच जोडीनं होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्याच्या नावावर. एकट्यानं गेला तर अर्धा कोयता. पाच-सहा महिने दोघं एका कोपीत राहतात, पहाटे एकत्र फडात जातात, रात्री बरोबर ट्रक भरतात. चोवीस तास बरोबर. आणि त्यातली बाई मला सांगते, की सीझनभर आमचं बोलणं म्हणजे ‘मोळी बांध’ आणि ‘पाणी आण’. तेव्हा बरोबर असणं आणि एकमेकांसाठी बाहेर पडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कुण्या शहाण्यानं शिकवायला नको.

आपल्या रूढींमध्येही जोडीला मान आहेच. सत्यनारायणाला जोडीनं बसायचं. लग्नानंतर जोडीनं जेजुरीला जायचं, नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या. सगळे हसतात, कुणी नावं ठेवत नाही. दर तीन वर्षांनी अधिक महिना आला की लेक-जावयाला धोंड्याचं जेवण. म्हणजे जुन्या माणसांनाही ठाऊक होतं, की ह्या दोघांना मधूनमधून घरच्या रामरगाड्यातून सोडवलं पाहिजे. पण उघड तसं म्हणायची पद्धत नव्हती, म्हणून त्याला देवाचं किंवा सणाचं निमित्त जोडलं. मला वाटतं, सगळी मेख ह्या निमित्तात आहे. पैसे नाहीत, वेळ नाही, जागा नाही ही कारणं नंतरची. ‘आम्ही दोघं जाऊन येतो’ म्हटल्यावर ‘कशाला?’ ह्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं, ही खरी अडचण. म्हणून मी आता दोन गोष्टी सांगणार आहे. जाणं इतकं लहान आणि जवळचं कसं करावं की ‘कशाला’ विचारायला कुणाला सवडच मिळू नये, ही एक. आणि विचारलंच तर निमित्त कुठलं सांगावं, ही दुसरी.

आधी वेळेचं. गावाकडच्या घरात सहलीची लांबी किलोमीटरवर ठरत नाही, गाईवर ठरते. दुधाच्या धंद्यात आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, आणि दूध पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा काढावंच लागतं. एक वेळ चुकली तर कास तटतटते, दगडी होण्याची भीती असते, आणि संकरित गाईचा दगडीचा खर्च म्हणजे सहलीच्या दसपट. तेव्हा ज्यांच्या दावणीला गाय आहे त्यांनी दोन धारांच्या मधला वेळ हीच आपली सुट्टी समजावी. सकाळी आठ-नऊला निघायचं, चार-साडेचारला घरात. ह्या सात-आठ तासांत काय काय बसतं ते बघा.

नगर शहरापासून १३ किलोमीटरवर, पाथर्डी रस्त्याला, डोंगरावर आपल्याला सगळ्यांना लांबूनच माहीत असलेला चांदबिबीचा महाल आहे. खरं म्हणजे ती चांदबिबीची वास्तूच नव्हे. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान ह्याची ती कबर, सोळाव्या शतकाच्या अखेरची. आठ बाजूंची, तीन मजली, दगडी. चांदबिबीनं मोगलांशी झुंज दिली ती खाली भुईकोट किल्ल्यात. पण लोकांना ती इतकी आवडली की डोंगरावरची इमारतही तिच्याच नावावर करून टाकली. वर कमानीत बसलं की वारा असा लागतो की शेजारच्याला ऐकू जाण्यासाठी जवळ सरकून बोलावं लागतं. तिथं कॉलेजातली जोडपी फार असतात म्हणून पन्नाशीची माणसं संकोचतात. आम्ही गेलो तेव्हा एका पोरानं आमच्याकडं असं पाहिलं की जणू आम्हीच त्याच्या घरून पाठवलेलो आहोत. ह्यांनी त्याला शेंगदाणे दिले आणि प्रश्न मिटवला.

शहराच्या उत्तरेला, वांबोरीच्या बाजूला डोंगरगण. इंग्रज अमलदार ह्या दरीला ‘हॅपी व्हॅली’ म्हणत. खाली रामेश्वर महादेवाचं देऊळ, झाडी, आणि पावसाळा बरा झाला तर पडतं पाणी. श्रावणी सोमवार सोडून कधीही जा. आणि दौंड रस्त्यानं नऊ किलोमीटरवर अरणगावचं मेहेराबाद. अवतार मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या समाधीचं ते ठिकाण, अजूनही शांत. तुम्ही त्यांचे अनुयायी असा-नसा. बऱ्याच जोडप्यांची तक्रार असते, ‘‘बाहेर जाऊन बोलायचं काय?’’ त्यांनी पहिली खेप इथंच करावी. न बोलता शेजारी बसणं तिथं विचित्र दिसत नाही, आणि अर्ध्या तासानं उठताना कुणीतरी आपोआप काहीतरी बोलतं.

दिवस पूर्ण मोकळा असेल तर पारनेर तालुका. निघोजचे रांजणखळगे पाहायला परदेशातून माणसं येतात आणि नगरची कित्येक माणसं गेलेली नसतात. कुकडी नदीचं पात्र इथं काळ्या बेसाल्ट खडकाचं आहे. पुराच्या पाण्याबरोबर आलेला एखादा गोटा खडकाच्या खोबणीत अडकतो. भोवऱ्यात सापडून तो जागच्या जागी गरगर फिरतो आणि जात्यासारखा खडक घासतो. एक गोटा झिजून संपतो, दुसरा येतो. हजारो वर्षं हे चालल्यावर खडकाला रांजणाच्या आकाराचे खोल, गुळगुळीत खड्डे पडतात. काहींच्या तळाशी ते गोटे अजून दिसतात. आमचे हे तासभर बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘तू पण माझं असंच केलंस.’’ मी म्हटलं, ‘‘गोटा कोण ते आधी ठरवा.’’ इतकी वर्षं लग्नाला होऊन गेली, पण असलं बोलणं घरात होत नाही हो. घरात ‘गॅस संपला’ होतं.

निघोजला एक सावधगिरी मात्र कडक पाळा. पावसाळ्यात किंवा वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असताना पात्रात उतरू नका. खडक निसरडा आणि खळगे खोल. हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात हा चांगला काळ. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे, तेव्हा घरी सांगायला निमित्तही आहे. वाट थोडी वाकडी केली तर कल्याण रस्त्यावर टाकळी ढोकेश्वरची डोंगरात कोरलेली लेणी पाहून होतात. आत सप्तमातृकांचा मोठा पट आहे. उन्हाच्या वेळी त्या लेण्यात जो गारवा असतो तो कुठल्याही हॉटेलच्या एसीत मिळणार नाही.

आता निमित्ताविषयी. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत, जिथं ‘दोघंच’ हा शब्द उच्चारणं जड जातं, त्यांना मी उघड सल्ला देते. देवाचं नाव घ्या. त्यात लबाडी नाही, देवाला जाऊन यायचंच आहे. फक्त येताना वाट लांबची धरायची. कर्जत तालुक्यात भीमेच्या काठी सिद्धटेक आहे, अष्टविनायकांतला उजव्या सोंडेचा एकटाच गणपती. देऊळ अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेलं. त्यांचं जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यातलं, १७२५ चा जन्म. दर्शन झालं की नदीच्या पायऱ्यांवर बसा. मग तिथूनच कर्जतजवळच्या रेहेकुरीला जा. काळविटांसाठी १९८० मध्ये राखलेलं अभयारण्य आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. कर्जतचा माळ म्हणजे उजाड, असं म्हणणाऱ्यांनी पाऊस संपल्यावर आश्विन-कार्तिकात सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर तिथं उभं राहावं. गुडघाभर गवत, त्यात तांबूस माद्यांचा कळप आणि पीळदार शिंगांचा काळा नर. बिचकले की गवतावरून कमानी टाकत जातात. तासाभराचं काम आहे, पण त्या तासात दोघांनाही गप्प राहून एकमेकांना बोटानं दाखवावं लागतं. श्रीगोंद्याच्या लोकांना ह्यापेक्षा जवळ पेडगाव आहे. तिथला भीमाकाठचा जुना किल्ला आणि आतलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ. जोडप्याला लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणायचं आणि त्याच्याच देवळाला फिरकायचं नाही, हे काही बरं नाही.

देवाच्या निमित्तात एकच अट. नवस फेडायला जायचं नाही. नवस आला की नारळ, कोंबडं, पाहुणे, जेवणावळ आणि सासूबाईंच्या बहिणीही आल्या. तो दिवस वेगळा, हा वेगळा.

आता मुक्कामाचं बोलते. एक रात्र घराबाहेर काढता येणार असेल तर माझं मत विचाराल तर भंडारदरा. नगर शहरापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, संगमनेर, अकोले, राजूर ह्या वाटेनं. संगमनेर-राहाता-श्रीरामपूरकडच्या लोकांना तर फार जवळ. आणि खास त्यांनाच माझं सांगणं आहे. तुमच्या घरात वर्षभर ‘आवर्तन कधी सुटणार’ हे बोलणं चालतं ना? ते पाणी जिथून सुटतं ती जागा दोघांनी एकदा बघा. प्रवरेवरचं हे धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन ह्यांच्या नावानं विल्सन डॅम. उंची ८० मीटरच्या वर, साठवण सुमारे ११ टीएमसी. ह्याच पाण्यावर प्रवरेच्या दोन्ही काठांना ऊस उभा राहिला, त्या उसावर १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना चालू झाला, आणि पाथर्डीच्या कोयत्याला काम मिळालं तेही त्यातूनच. ज्या पाटाच्या पाण्यासाठी बाईनं रात्री दोनला बॅटरी धरून बांधावर उभं राहायचं, ते पाणी निवांत, सांडव्याजवळ बसून, कुठलाही वाफा भरायचा नसताना बघणं ही वेगळीच गंमत आहे. एका शेतकरी बाईंना मी हट्टानं पाठवलं होतं. परत आल्यावर म्हणाल्या, ‘‘एवढं पाणी आणि एक पण मोटार चालू नाही!’’

आपल्या जिल्ह्याचं एक आश्चर्य असं की दोन टोकं दोन देशांसारखी आहेत. नगर-कर्जतकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तर भंडारदऱ्याच्या मागच्या घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजारांच्या वर. त्यामुळे जुलैत तिकडं जाऊ नये असं मी म्हणते. धुक्यात धरणही दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग मात्र दिसते. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर सगळ्यात छान. धरण भरत आलेलं असतं, खाली रंधा धबधबा दीडशेहून जास्त फूट कोसळत असतो. जलाशयाच्या कडेकडेनं रतनवाडीला जा. तिथं अमृतेश्वराचं शिलाहारकाळातलं दगडी देऊळ आणि बांधीव पुष्करणी आहे, डोक्यावर रतनगड. गुडघे शाबूत असतील त्यांनी बारी गावातून कळसूबाई चढावं, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. माझे गुडघे नाहीत, मी खालूनच नमस्कार केला. मुक्कामाला पर्यटन महामंडळाची खोली मिळते, आणि आता गावांतून आदिवासी कुटुंबांनी घरातच राहण्या-जेवणाची सोय केली आहे. मला ती जास्त आवडते. दुसऱ्या बाईच्या हातची भाकरी, तीही चुलीवरची आणि आपण उठायचं नाही. बायकांच्या सुट्टीची व्याख्या विचाराल तर माझी एवढीच आहे.

मेच्या अखेरीला, पाऊस जोर धरायच्या आधी, ह्याच भागात काजवे असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा एकेका झाडावर हजारोंनी. त्यांचं लुकलुकणं ही नुसती शोभा नाही. नर ठरावीक लयीत चमकतो आणि मादीनं ओळखून उत्तर द्यावं म्हणून वाट बघतो. मोठ्या वयातलं काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं, आणि ते सगळं ह्या एका कामाला वाहिलेलं. आपण गाडीचे दिवे लावून किंवा मोबाइलची बॅटरी मारत तिथं गेलो तर त्यांना एकमेकांचा दिवा दिसत नाही. काजवा महोत्सवात गर्दी फार वाढली, म्हणून वन खातं प्रवेश फी घेतं, रात्रीच्या वेळेवर बंधन घालतं. त्या वर्षीचे नियम आधी विचारून घ्या. आणि शनिवार-रविवार टाळा. शेतकऱ्याला आणि निवृत्त माणसाला रविवार कशाला हवा? बाजाराचा वार सोडून बुधवारी-गुरुवारी जा, सगळं रान तुमचं.

मुक्कामाची एक अडचण स्पष्ट सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. एका तालुक्याच्या गावी आम्हाला लॉजवाल्यानं खोली नाकारली. माझं वय तेव्हा ५६, ह्यांचं ६०. कारण काय, तर दोघांची आधार कार्डं ह्याच जिल्ह्यातली. ‘‘लोकल जोडप्याला देत नाही.’’ वर माझ्या कार्डावर माहेरचं नाव होतं, त्यामुळे लग्नाचा पुरावा मागितला. मी मंगळसूत्र दाखवलं, ह्यांनी टक्कल दाखवलं. उपयोग झाला नाही. श्रोतेहो, स्थानिक ओळखपत्र असलेल्या सज्ञान स्त्री-पुरुषांना खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र बघून नोंद करणं एवढंच लॉजवाल्यानं करायचं असतं, बाकीचे नियम त्याचे स्वतःचे. पण रात्री आठ वाजता कायदा शिकवत बसण्यापेक्षा निघण्याआधी फोन करून विचारावं. आम्ही इथलेच आहोत, आधार इथलंच आहे, चालेल का? आणि नावं जुळत नसतील तर लग्नाच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. मनाला लागतं, पण नवऱ्याबरोबर राहायला लाजायचं कारण नाही. लाज असेल तर ती विचारणाऱ्याला असू दे.

बायकांसाठी आणखी एक. निघोज, रेहेकुरी, डोंगरगण अशा ठिकाणी स्वच्छतागृह मिळेलच ह्याचा भरवसा धरू नका. म्हणून बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत आणि दुपारपर्यंत डोकं धरून बसतात. नर्स म्हणून सांगते, तसं करू नका. वाटेतल्या मोठ्या देवस्थानात किंवा एसटी स्टँडवर थांबत जायचं, हे आधी ठरवून निघा आणि पाणी प्या.

आता राहिलं घर. बायका एक चूक करतात, दोन दिवसांचा स्वयंपाक करून, चपात्यांची चळत फडक्यात गुंडाळून मग निघतात. म्हणजे आदल्या रात्री बारापर्यंत काम, पहाटे चारला पुन्हा काम, आणि गाडीत बसलं की झोप. घरच्यांना एक दिवस पिठलं-भात करू द्या. आणि गाईचं काय? आमच्या उपकेंद्राच्या गावात दोन शेजारणींनी त्याचा चांगला तोडगा काढला होता. पेरणी-खुरपणीला आपण सावड करतो ना, आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही? तशी त्यांनी धारांची सावड केली. एक जोडपं गेलं की दुसरं त्यांच्या गाईंच्या दोन्ही वेळच्या धारा काढणार, डेअरीला दूध घालणार, आणि सासऱ्यांना चहा देणार. पुढच्या महिन्यात उलट. सासूबाईंना काय सांगितलं? काहीच नाही. शेजारीण गेली तेव्हा हिच्या सासूनंच धारा काढल्या होत्या, त्यामुळे हिची पाळी आल्यावर ‘कशाला’ विचारायला तोंड राहिलं नाही. मुलं लहान असतील तर त्यांनाही ह्या सावडीत घाला. एका रात्रीत कुणी आईवाचून राहत नाही असं नाही, उलट शेजारी जेवायला त्यांना आवडतं.

मोबाइल बंद करा असं मी म्हणणार नाही, घरी म्हातारी माणसं असतात. पण दोघांत एकच चालू ठेवा. आणि जाताना वाटेत मुलाच्या फीचा, वाटणीचा, नणंदेच्या बोलण्याचा विषय निघाला तर निघू द्या. पहिले दोन तास तेच निघतं. ते साचलेलं असतं म्हणून निघतं. आम्हाला तर पहिल्या खेपेला पार राजूरपर्यंत भांडण पुरलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी परत येताना आम्ही जास्तीचा फेरा घेऊन आलो.

खर्चाची काळजी असेल तर एसटी धरा. आपल्या नगरचा आणि एसटीचा ऋणानुबंध पहिल्यापासूनचा. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर ह्याच रस्त्यावर. मार्च २०२३ पासून बायकांना राज्यात सगळीकडे अर्धं तिकीट आहे, म्हणजे जोडप्याला दीड तिकिटात जाता येतं. नवऱ्यानं ६५ ओलांडली असेल तर त्याचंही अर्धं, दोघं मिळून एकच तिकीट. आणि ७५ च्या पुढं तो फुकट. घरातल्या आजी-आजोबांनाही ह्या हिशोबात धरा. बहुतेक ठिकाणी आपण त्यांना फक्त गाय राखायला मागं ठेवतो. दोघांची आधार कार्डं तेवढी बरोबर असू द्या, कंडक्टर वय बघायला मागतो.